चार कर्णधारांचा मोसम : सोलापूरचे पॉली उम्रीगर आणि १९५८–५९ची पडझड

१/
पाच कसोटी सामने, चार कर्णधार, तीन पराभव आणि विजय एकही नाही. १९५८–५९च्या हिवाळ्यात वेस्ट इंडीजविरुद्ध मायदेशी खेळलेल्या भारतीय संघाचा हिशेब एवढाच आहे. पुढच्याच उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये पाचही सामने गेले. या पडझडीच्या मध्यावर मद्रासमधली एक रात्र आहे. कसोटी सुरू होण्याच्या आदल्या रात्री, सोलापुरात जन्मलेल्या कर्णधाराने आपले पद सोडून दिले. वाद होता संघातील एका जागेचा. त्या वादाचा खरा निकाल मात्र वर्षभराने, कानपूरच्या मैदानावर लागला आणि तो कोणत्याच बाजूला पूर्णपणे सोयीचा नव्हता.

२/
सोलापूरचा सात रस्ता हा शहरातील गजबजलेला चौक. शहराची ओळख विचारली, तर चादरी, कापडगिरण्या आणि १९३०चा मार्शल लॉ ही तीन उत्तरे हमखास मिळतात. चौथे उत्तर क्वचितच कानी येते : पहलन रतनजी उर्फ पॉली उम्रीगर. जन्म २८ मार्च १९२६. कुटुंब पारशी, वडिलांचा कापडाचा व्यवसाय. मे १९३०मध्ये सोलापुरात मार्शल लॉ पुकारला गेला, तेव्हा हे मूल चार वर्षांचे होते. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना येरवड्यात १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी झाली. पुढे पॉली शाळेत असतानाच उम्रीगर कुटुंब मुंबईला गेले.

३/
मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिक्षण झाले. १९४४मध्ये वयाच्या अठराव्या वर्षी ते पारशी संघाकडून पहिला प्रथम दर्जाचा सामना खेळले. मुंबई विद्यापीठाच्या संघाचे कर्णधारपदही त्यांच्याकडे आले. त्या काळी विद्यापीठाचे क्रिकेट ही भारतीय संघाकडे जाणारी खरीखुरी वाट होती. १९४८मध्ये वेस्ट इंडीजचा संघ आला असता संयुक्त विद्यापीठांच्या संघाकडून उम्रीगर यांनी नाबाद ११५ धावा केल्या. लागलीच, डिसेंबर १९४८मध्ये, ब्रेबर्न मैदानावर त्यांचे कसोटी पदार्पण झाले. महाविद्यालयीन मैदानावरून थेट कसोटीपर्यंतचे अंतर त्यांनी काही आठवड्यांत ओलांडले.

४/
पुढची दहा वर्षे चढउताराची होती. फेब्रुवारी १९५२मध्ये मद्रासला भारताने इंग्लंडला हरवून आपला पहिला कसोटी विजय मिळवला. त्यात उम्रीगर यांच्या नाबाद १३० धावा होत्या. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये मात्र फ्रेड ट्रूमनच्या वेगापुढे ते कोलमडले. सात कसोटी डावांत त्यांच्या एकूण धावा होत्या अवघ्या ४३. वेगाला घाबरणारा फलंदाज हा शिक्का तेव्हा बसला. १९५५मध्ये हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध २२३ धावा काढून कसोटीत द्विशतक करणारे ते पहिले भारतीय ठरले. त्याच मालिकेत ते कर्णधार झाले आणि भारताने दोन सामने जिंकले.

५/
त्या काळच्या कर्णधाराचे स्थान समजून घेतल्याविना पुढची गोष्ट कळणार नाही. संघ निवड समिती निवडत असे आणि तिच्यावर मंडळाच्या पदाधिकाऱ्यांचे वजन असे. कर्णधाराला विचारले जाई, पण त्याचे ऐकलेच जाईल याची शाश्वती नसे. शिवाय त्याची नेमणूक कित्येकदा एकेका सामन्यापुरती असे. सामना हरला की पहिला प्रश्न मात्र त्यालाच विचारला जाई. अधिकार एकीकडे आणि जबाब दुसरीकडे, अशी ही व्यवस्था होती. संघ जिंकत असताना तिचे दोष झाकले जातात. हरू लागला की तेच दोष उघडे पडतात.

६/
१९५८च्या नोव्हेंबरमध्ये गेरी अलेक्झांडरच्या नेतृत्वाखाली आलेल्या वेस्ट इंडीज संघात वॉरेल, वीक्स, वॉलकॉट या विख्यात त्रयीपैकी कोणीही नव्हते. कागदावर संघ नवखा होता. पण त्यात होता बावीस वर्षांचा गारफिल्ड सोबर्स. त्याच वर्षी त्याने पाकिस्तानविरुद्ध किंग्स्टनला नाबाद ३६५ धावांचा विश्वविक्रम केला होता. रोहन कन्हाय होता, बेसिल बुचर होता. आणि होते दोन वेगवान गोलंदाज, वेस्ली हॉल व रॉय गिलख्रिस्ट. तेव्हा शिरस्त्राणे नव्हती. भारतात त्या वेगाचा एकही गोलंदाज नव्हता, त्यामुळे सराव करायचा तरी कोणासमोर, हाच प्रश्न होता.

७/
पहिली कसोटी मुंबईत, २८ नोव्हेंबरपासून. कर्णधार म्हणून नाव जाहीर झाले होते हैदराबादचे ऑफस्पिनर गुलाम अहमद यांचे, पण दुखापतीमुळे ते खेळू शकले नाहीत. नेतृत्व उम्रीगर यांच्याकडे आले. भारताचा पहिला डाव १५२ धावांत संपला. सोबर्सने दुसऱ्या डावात नाबाद १४२ धावा ठोकल्या. भारतापुढे ३९९ धावांचे लक्ष्य आले. ते गाठणे अशक्यप्राय होते, प्रश्न होता टिकण्याचा. पंकज रॉय यांनी तासन्‌तास खेळपट्टीवर उभे राहून ९० धावा केल्या. अखेरीस रामचंद नाबाद ६७ आणि मनोहर हर्डीकर नाबाद ३२. भारत ५ बाद २८९, सामना अनिर्णित.

८/
हर्डीकर हे नाव लक्षात ठेवावे. हा त्यांचा पहिलाच कसोटी सामना होता. पहिल्या डावात ते पहिल्याच चेंडूवर बाद झाले. गोलंदाजी करताना मात्र कसोटीतील आपल्या तिसऱ्याच चेंडूवर त्यांनी कन्हायचा बळी घेतला. आणि दुसऱ्या डावात, सामना हातून जाण्याची भीती असताना, ते न डगमगता शेवटपर्यंत उभे राहिले. हॉल व गिलख्रिस्टसमोर टिकू शकणारे फलंदाज त्या वेळी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. पॅव्हेलियनमधून हे पाहणाऱ्या कर्णधाराच्या मनात ती खेळी राहिली असल्यास नवल नाही.

९/
दुसरी कसोटी कानपूरला, १२ डिसेंबरपासून. गुलाम अहमद परतले, उम्रीगर पुन्हा साधे खेळाडू झाले. पहिल्या डावात मुंबईच्या सुभाष गुप्ते यांनी लेगस्पिनचा चमत्कार दाखवला : १०२ धावांत ९ बळी. कसोटीच्या एका डावात नऊ बळी घेणारे ते पहिले भारतीय. दहावा बळी, लान्स गिब्सचा, पदार्पण करणाऱ्या पुण्याच्या वसंत रांजणे यांच्या वाट्याला गेला. वेस्ट इंडीज सर्वबाद २२२. भारताचा डावही नेमका २२२ धावांवरच संपला. सामना बरोबरीत होता. मालिकेत भारत इतका जवळ पुन्हा आला नाही.

१०/
बरोबरी फसवी होती. भारताच्या पहिल्या डावातील सहा बळी एकट्या हॉलने ५० धावांत घेतले होते. दुसऱ्या डावात वेस्ट इंडीजचे दोन्ही सलामीवीर फलकावर शून्य असताना बाद झाले, तेव्हा क्षणभर आशा पालवली. मग सोबर्स उभा राहिला. १९८ धावांवर तो धावबाद झाला, तोवर सामना दूर गेला होता. हॉलने आणखी पाच बळी घेतले. भारत २०३ धावांनी हरला. नऊ बळी घेऊनही गुप्ते पराभूत संघाचे खेळाडू ठरले. या पराभवानंतर हर्डीकर यांना वगळण्यात आले.

११/
तिसरी कसोटी कलकत्त्याला, ३१ डिसेंबरपासून. कन्हाय २५६, सोबर्स नाबाद १०६, बुचर १०३. वेस्ट इंडीजने ५ बाद ६१४वर डाव घोषित केला. भारत १२४ आणि १५४. गिलख्रिस्टने दुसऱ्या डावात ५५ धावांत ६ गडी बाद केले. एक डाव आणि ३३६ धावांनी पराभव. डावाच्या फरकाने भारताचा सर्वांत मोठा पराभव आजही हाच आहे. पहिल्या डावात नाबाद राहिलेले उम्रीगर आणि दुसऱ्या डावात नाबाद ५८ धावा करणारे विजय मांजरेकर यांनी थोडाफार प्रतिकार केला. बाकी सगळे वाहून गेले.

१२/
कलकत्त्यानंतर गुलाम अहमद यांनी कर्णधारपद आणि कसोटी क्रिकेट दोन्ही सोडले. चौथ्या कसोटीसाठी पुन्हा उम्रीगर यांना बोलावणे आले. दोन सामने हरलेला, आत्मविश्वास गमावलेला संघ त्यांच्या हाती सोपवला जात होता. त्यातच मांजरेकर दुखापतीमुळे मद्रासला उपलब्ध नव्हते. वेगवान माऱ्यापुढे ज्याच्या तंत्रावर भरवसा ठेवावा असा फलंदाजच संघाबाहेर गेला होता. त्याची जागा कोणी घ्यायची, या एका प्रश्नावर सारे येऊन थांबले.

१३/
उम्रीगर यांचे म्हणणे सरळ होते. फलंदाज गेला आहे, तर फलंदाजच हवा. हर्डीकर यांना घ्यावे. मंडळाच्या अध्यक्षांचा आग्रह होता अहमदाबादच्या जसू पटेल या ऑफस्पिनरचा. क्रिकेटच्या दृष्टीने दोन्ही बाजूंना काही ना काही आधार होता. मद्रासची खेळपट्टी फिरकीला साथ देईल, असे कोणी म्हणू शकला असता. पण १२४ आणि १५४ धावांत गारद झालेल्या संघाला आणखी एक गोलंदाज देण्याने काय साधणार, हा कर्णधाराचा प्रश्नही तितकाच रास्त होता.

१४/
मतभेद मिटला नाही. सामन्याच्या आदल्या रात्री उम्रीगर यांनी कर्णधारपद सोडले. त्यांनी सामना सोडला नाही, संघही सोडला नाही, हे येथे महत्त्वाचे. दुसऱ्या दिवशी ते खेळाडू म्हणून मैदानात उतरले. आपल्या मताविरुद्ध बनलेल्या संघाच्या हारजितीचा जबाब आपण देणार नाही, एवढेच त्यांनी कृतीने सांगितले. एकोणीसशे पन्नासच्या दशकात, जेव्हा खेळाडूचे भवितव्य निवड समितीच्या एका बैठकीवर अवलंबून असे, तेव्हा हे पाऊल स्वस्त नव्हते. उम्रीगर त्यानंतर भारताचे कर्णधार कधीच झाले नाहीत.

१५/
२१ जानेवारी १९५९. मद्रासच्या कॉर्पोरेशन मैदानावर भारताचे नेतृत्व करायला उतरले विनू मांकड. वय एक्केचाळीस. भारतीय क्रिकेटमधील अष्टपैलूंचा हा पितामह कारकिर्दीच्या अगदी शेवटच्या टप्प्यावर होता, आणि नेतृत्वाची तयारी करायला त्याला एक दिवसही मिळाला नव्हता. गंमत अशी, की ज्या दोन नावांवरून वाद झाला, त्यांतले एकही अकरा जणांत नव्हते. जागा मिळाली सेनादलाच्या ए. के. सेनगुप्ता यांना. त्यांनी १ आणि ८ धावा केल्या, आणि तीच त्यांची एकमेव कसोटी ठरली.

१६/
वेस्ट इंडीजने ५०० धावा केल्या. बुचरने १४२ काढल्या, कन्हाय ९९वर धावबाद झाला. भारताचे डाव २२२ आणि १५१ धावांचे झाले, पराभव २९५ धावांनी. सामना एका जागेमुळे हरला असे कोणीही प्रामाणिकपणे म्हणू शकणार नाही. हॉल, गिलख्रिस्ट आणि सोबर्स यांच्यापुढे हर्डीकर किंवा पटेल यांपैकी कोणीही असते, तरी निकाल फारसा बदलला नसता. नुकसान वेगळ्या जागी झाले होते. संघातील प्रत्येक खेळाडूला आता कळले होते, की कर्णधार कोण, हे सामन्याच्या सकाळपर्यंत नक्की नसते.

१७/
पाचवी कसोटी दिल्लीला, ६ फेब्रुवारीपासून. चौथे कर्णधार हेमू अधिकारी : जन्म पुण्याचा, पेशाने लष्करी अधिकारी, वय एकोणचाळीस, आणि ही त्यांची अखेरची कसोटी. त्यांच्या हाताखाली खेळत होते मांकड आणि उम्रीगर. म्हणजे एकाच अकरा जणांत त्या एका मालिकेचे तीन कर्णधार होते. आश्चर्य म्हणजे भारत येथेच सर्वांत चांगला खेळला. पहिल्या डावात ४१५ धावा : पुण्याच्या चंदू बोर्डे यांच्या १०९, कॉन्ट्रॅक्टर ९२, उम्रीगर ७६, अधिकारी ६३.

१८/
वेस्ट इंडीजने ८ बाद ६४४ असे उत्तर दिले. त्यांतले चार बळी रमाकांत देसाई या ठेंगण्या वेगवान गोलंदाजाने पदार्पणातच घेतले, १६९ धावा मोजून. दुसऱ्या डावात बोर्डे ९६वर पोहोचले. आणखी चार धावा, आणि विजय हजारे यांच्यानंतर कसोटीच्या दोन्ही डावांत शतके करणारे ते दुसरे भारतीय झाले असते. पण फटका मारताना बॅट यष्ट्यांना लागली आणि ते स्वयंचित झाले. सामना अनिर्णित राहिला. मालिका ०–३.

१९/
दिल्लीत संघाला सावरणारे अधिकारी निवृत्त झाले. इंग्लंडच्या दौऱ्यासाठी पाचवे कर्णधार नेमले गेले : बडोद्याचे दत्ताजीराव गायकवाड. वर्षभरापूर्वी बडोद्याने त्यांच्या नेतृत्वाखाली रणजी करंडक जिंकला होता. त्यांची निवड अगदीच निराधार नव्हती. पण मोडलेला संघ आणि परदेशी हवामान, दोन्ही एकाच वेळी त्यांच्या पदरात पडले. नॉटिंगहॅमला एक डाव आणि ५९ धावांनी हार. लॉर्ड्‌सला गायकवाड आजारी पडले आणि पंकज रॉय सहावे कर्णधार झाले.

२०/
लॉर्ड्‌सची कसोटी भारताने आठ गड्यांनी गमावली, पण त्या सामन्यातील दोन गोष्टी विसरता येत नाहीत. ब्रायन स्टॅथमच्या चेंडूने नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या बरगड्या मोडल्या. तशाच अवस्थेत ते खेळत राहिले आणि १६८ धावांच्या डावात ८१ धावा त्यांच्या होत्या. देसाई यांनी इंग्लंडचे पाच गडी बाद केले. पुढे लीड्‌सला एक डाव आणि १७३ धावांनी पराभव. हरणाऱ्या संघात धैर्याचा तुटवडा होता, असे धावफलक वाचणाऱ्याला वाटते. पण या संघात धैर्य होते. त्याला एकत्र बांधणारी सलगता नव्हती.

२१/
चौथी कसोटी मँचेस्टरला. याच मैदानावर १९५२मध्ये ट्रूमनने ३१ धावांत ८ बळी घेतले होते आणि भारत एकाच दिवशी ५८ व ८२ धावांत दोनदा सर्वबाद झाला होता. सात वर्षांनी भारतापुढे ५४८ धावांचे लक्ष्य होते. ऑक्सफर्डमध्ये शिकणारे वीस वर्षांचे अब्बास अली बेग यांना मध्येच दौऱ्यात सामील करून घेतले होते. डोक्याला चेंडू लागून ते तंबूत परतले, पुन्हा उतरले आणि पदार्पणातच ११२ धावा केल्या. दुसरे शतक उम्रीगर यांचे : ११८. भारत ३७६ धावांपर्यंत गेला, आणि १७१ धावांनी हरला. सामना गेला, पण १९५२चा शिक्का उम्रीगर यांनी त्याच मैदानावर पुसला.

२२/
ओव्हलला एक डाव आणि २७ धावांनी हार झाली आणि मालिका ०–५ अशी संपली. मायदेशातील पाच कसोटींची मालिका पूर्णच्या पूर्ण जिंकण्याची इंग्लंडची ही पहिली वेळ. उम्रीगर यांनी संपूर्ण दौऱ्यात १८२६ धावा केल्या, त्यांत केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध नाबाद २५२. हिशेब मांडला तर नोव्हेंबर १९५८ ते ऑगस्ट १९५९ : दहा कसोटी, सहा कर्णधार, आठ पराभव, दोन अनिर्णित. डिसेंबरमध्ये ऑस्ट्रेलियाचा संघ आला, तेव्हा गुलाबराय रामचंद सातवे कर्णधार झाले. दिल्लीची पहिली कसोटी भारताने डावाने गमावली. नववा पराभव.

२३/
मग कानपूर, १९ डिसेंबर १९५९. वर्षभरापूर्वी याच शहरात गुप्ते यांचे नऊ बळी वाया गेले होते. आता खेळपट्टी नवी होती, हिरवळीवर ताजी तयार केलेली. निवड समितीचे अध्यक्ष लाला अमरनाथ यांनी ती पाहून एका ऑफस्पिनरचा आग्रह धरला. लहानपणी हात मोडल्यामुळे ज्याची चेंडू टाकण्याची लकब जगावेगळी झाली होती, तो पस्तिशीचा गोलंदाज म्हणजेच जसू पटेल. मद्रासला ज्यांच्या नावावरून उम्रीगर यांनी कर्णधारपद सोडले, तेच.

२४/
पटेल यांनी पहिल्या डावात ६९ धावांत ९ बळी घेतले. भारताने दुसऱ्या डावात २९१ धावा केल्या. ऑस्ट्रेलियाला हव्या होत्या २२५. पटेल यांनी आणखी पाच गडी बाद केले, ५५ धावांत. दुसऱ्या टोकाकडून ऑफस्पिन टाकत २७ धावांत ४ बळी घेणारा गोलंदाज कोण होता? पॉली उम्रीगर. ऑस्ट्रेलिया १०५ धावांत गारद झाला आणि भारताने त्या संघाविरुद्ध पहिला कसोटी विजय मिळवला, ११९ धावांनी. एका जागेवरून ज्यांच्या नावाने संघ दुभंगला, ते दोघे त्या दुपारी एकमेकांना साथ देत होते.

२५/
मग मद्रासला चूक कोणाची? पटेल यांचे चौदा बळी पाहून उम्रीगर यांची पारख चुकली, असे म्हणण्याचा मोह होतो. पण ते मागाहून सुचलेले शहाणपण आहे. मद्रासला प्रश्न पटेल चांगले गोलंदाज आहेत का, हा नव्हता. फलंदाजाच्या जागी गोलंदाज घ्यावा का, आणि ते कोणी ठरवावे, हा होता. कानपूरला पटेल यांना घेण्याचा आग्रह निवड समितीच्या अध्यक्षाचा होता, खेळपट्टी पाहून धरलेला. मद्रासला आग्रह मंडळाच्या अध्यक्षाचा होता, कर्णधाराच्या मताविरुद्ध. नाव एकच असले, तरी दोन निर्णयांची जात वेगळी होती.

२६/
हर्डीकर यांची कहाणी मात्र तेथेच थांबली. मुंबई आणि कानपूर, या दोनच कसोटी त्यांच्या नावावर राहिल्या. पटेल यांना इतिहासाने दुसरी संधी दिली, हर्डीकर यांना दिली नाही. पराभवाच्या मोसमात संघ वारंवार बदलला जातो, तेव्हा असे कितीतरी खेळाडू एखाद-दुसऱ्या सामन्यानंतर कायमचे मागे पडतात. विजयाच्या कथांत त्यांचा उल्लेख नसतो. पराभवाच्या इतिहासातही तो शोधावा लागतो.

२७/
पुढचा अध्याय बोलका आहे. १९६०मध्ये नेतृत्व नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्याकडे आले आणि त्यांच्याकडेच राहिले. आधीच्या पंधरा कसोटींत आणि तेरा-चौदा महिन्यांत सात कर्णधार झाले होते. आता पाकिस्तान आणि इंग्लंड यांच्याविरुद्धच्या सलग दहा कसोटींत एकच कर्णधार होता. पाकिस्तानविरुद्धचे पाचही सामने अनिर्णित राहिले. १९६१–६२मध्ये कलकत्ता आणि मद्रास येथे इंग्लंडला हरवून भारताने त्या देशाविरुद्ध पहिली मालिका जिंकली. खेळाडू बरेचसे तेच होते : बोर्डे, मांजरेकर, देसाई, नाडकर्णी, उम्रीगर. केवळ स्थैर्याने सामने जिंकता येत नाहीत. पण आधीच्या मोसमात याच माणसांकडे नसलेली एक गोष्ट आता त्यांच्याकडे होती.

२८/
उम्रीगर यांची अखेरची मालिका पुन्हा वेस्ट इंडीजविरुद्ध, १९६२मध्ये, आणि पुन्हा ०–५. बार्बाडोसमध्ये ग्रिफिथच्या चेंडूने कॉन्ट्रॅक्टर यांच्या कवटीला जबर दुखापत झाली, तेव्हा कर्णधाराला रक्त देणाऱ्यांत उम्रीगर होते. पोर्ट ऑफ स्पेनच्या कसोटीत त्यांनी ५६ आणि नाबाद १७२ धावा केल्या, शिवाय एका डावात पाच बळी घेतले. भारत तो सामनाही हरला. निवृत्त होताना त्यांच्या नावावर ५९ कसोटी, ३६३१ धावा आणि १२ शतके होती. तिन्ही भारतीय विक्रम. सुनील गावसकर यांनी पुढे मोडलेला धावांचा आणि शतकांचा विक्रम तो हाच.

२९/
त्यांच्या कर्णधारपदाची नोंद मात्र लहान आहे : आठ कसोटी, दोन विजय, दोन पराभव, चार अनिर्णित. नववी नोंद होऊ शकली असती, २१ जानेवारी १९५९ची. ती कोरी राहिली. उम्रीगर पुढे निवड समितीचे अध्यक्ष झाले, मंडळाच्या कार्यालयातही त्यांनी काम केले. ज्या टेबलापलीकडून एके काळी निर्णय लादला गेला होता, त्या टेबलाशी ते स्वतः बसले. ७ नोव्हेंबर २००६ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. वर्षातील सर्वोत्तम भारतीय क्रिकेटपटूला मंडळाकडून मिळणारा पुरस्कार आज त्यांच्या नावाने दिला जातो.

३०/
पराभूत मोसमाचा इतिहास वाचताना नजर आधी आकड्यांवर जाते : ३३६, २९५, ०–५. हे आकडे खरे आहेत, पण ते कोण हरले एवढेच सांगतात. कसे हरले, हे सांगते ती मद्रासची रात्र. संघाकडे नऊ बळी घेणारा गोलंदाज होता, बरगड्या मोडूनही खेळणारा सलामीवीर होता, दोन्ही डावांत शतकाच्या उंबरठ्यावर जाणारा तरुण होता. नव्हती ती निर्णय घेणारा आणि परिणाम भोगणारा माणूस एकच असण्याची रीत. सोलापुरात जन्मलेल्या एका खेळाडूने हे आपले पद देऊन दाखवून दिले, आणि वर्षभराने, ज्याच्यावरून वाद झाला त्याच्याच सोबतीने सामना जिंकून दिला. पुढच्या वेळी सात रस्त्यावरून जाताना शहराच्या ओळखीत हे चौथे उत्तरही जोडून घ्यावे.

(समाप्त)